परार्धावरचा एक

लहानपणी मला बाबा कमरेपासून वरचेच ठाऊक होते. आमचा हातमाग खड्ड्याचा. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बाबा सकाळी बसत ते जेवायलाच वर येत. त्यामुळे मी फरशीवर मांडी घालून बसले की त्यांचं डोकं आणि माझं डोकं एकाच उंचीवर यायचं, आणि मला वाटायचं की आम्ही दोघं बरोबरीचे आहोत. त्या बरोबरीच्या नात्याने ते मला कोडी घालत. दोरीला हिसका दिला की धोटा सूं करून इकडून तिकडे पळे, मग खट्‌ असा ठोका पडे, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बाबा एक एक शब्द टाकत. कोडं पुरं व्हायला चार बोटं कापड विणून व्हायचं. घाई त्यांच्या स्वभावात नव्हतीच. हट्ट मात्र होता, आणि तो दोघांच्या वाटणीचा एकट्याकडे होता.

सक्करदऱ्याच्या तलावाकडून आत आलं की आमची गल्ली लागे. तेव्हा बहुतेक घरांत माग होते आणि प्रत्येक मागाचा आवाज निराळा होता. कोणाचा थांबला तर आई चुलीपाशी बसूनच सांगे की अमक्याकडे पाहुणे आले, तमक्याचा धागा तुटला. मध्ये मी त्या गल्लीत जाऊन आले. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत आणि एका घरात व्यायामशाळा निघाली आहे. आतून लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. मी उगाच थोडा वेळ ऐकत उभी राहिले, पण त्या आवाजावरून काही कळेना.

आमचं घर लांबट होतं. रस्त्याला लागून ओटा, मग बैठक, बैठकीच्या बाजूला मागाची खोली, आणि मागे स्वयंपाकघर. बैठकीत शहाबादी फरशी होती, तीही बाबांनी हट्टाने बसवून घेतलेली. आई या घरात सगळ्यांच्या मागून वावरायची. जेवायला मागून बसायची, रस्त्याने चालताना मागून चालायची. आवाज मात्र सगळ्यांत आधी तिचाच ऐकू यायचा, कारण ती काम करताना मोजायची. तांदूळ निवडताना, पापड लाटताना, सुताच्या लडी उचलताना ती एक दोन तीन म्हणत नसे, तर एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र अशी गाणं म्हटल्यासारखी पुढे जाई. लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही अठरा नावं तिला तिच्या वडिलांनी, नरखेडच्या आबांनी, संत्र्याच्या बागेत झाडं मोजताना शिकवली होती. शिकवताना आबा म्हणाले होते, "परार्ध आपल्या घरात कोनाच्या कामी पडनार नाई. पन ठेवून दे, त्याले जागा लागत नाई." आई हे वाक्य आबांच्याच आवाजात म्हणून दाखवायची आणि मग तिचं मोजणं चुकायचं.

चुकायचं कारण होतं. आई कित्येक वर्षांत माहेरी गेली नव्हती. माझ्या मावशीच्या लग्नात बाबांनी आहेर म्हणून स्वतः विणलेलं लुगडं नेलं होतं. त्याच्या काठासाठी त्यांनी किती दिवस डोळे फोडले होते हे आईलाच माहीत. लग्नात आहेराची लुगडी फिरतात, हे कोणाला ठाऊक नाही? इकडून आलेलं तिकडे द्यायचं, एका गठ्ठ्यातलं दुसऱ्या गठ्ठ्यात घालायचं. गर्दीत माझ्या मामीने गठ्ठा चुकवला आणि बाबांचं लुगडं लांबच्या कुठल्याशा नातेवाईक बाईच्या ओटीत गेलं. बाबा पंगतीत बसले होते. ती बाई ते लुगडं काखेत मारून त्यांच्या समोरून गेली. विणणाऱ्याला आपला काठ पाठमोराही ओळखू येतो. बाबा पानावरून उठले, हात धुतले आणि सरळ एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. त्या उंबरठ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही, एवढंच ते बोलले. बोलले ते बोलले.

गंमत अशी की मामाशी त्यांचं काही बिनसलं नव्हतं. माझा मामा, दौलतमामा, मोठा गोड माणूस. मृगबहाराची संत्री निघाली की तो पोतं खांद्यावर टाकून यायचा, आणि तो आला की आई पाटवडीचा रस्सा करायची. लाल तर्री वर तरंगते आहे, मामा नाक पुसत पुसत जेवतो आहे आणि बाबा आग्रहाने त्याला आणखी वाढायला सांगत आहेत, असं ते दृश्य. जेवण झालं की मामा ओट्यावर बसून संत्री सोलायचा आणि दर वेळी तेच बोलायचा. "जवाईबापू, एक डाव चाला ना नरखेडले. आबायले आता बरोबर दिसत नाई. गाडीत चढता येत नाई, नाईतर तेच आले असते. रोज इचारतात, पोरगी काहून येत नाई म्हनून."

एका वर्षी बाबांनी त्याला उत्तर दिलं. मागावर बसूनच, ठोक्यांच्या मधल्या जागेत. "येतो ना, दौलतराव. मी कुठं नाई म्हनून राहिलो? तुमी मले फक्त एक आकडा आनून द्या. त्याचा शेवटचा अंक उचलून समोर ठेवला का आकडा डबल झाला पायजे. तसा आकडा ज्या दिवशी माह्यासमोर येईन, त्या दिवशी नरखेडची गाडी धरतो."

"असा आकडा हाये का पन?" मामाने विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले. "म्हनून तं म्हनून राहिलो."

हे कोडं त्यांचं जुनं होतं. कोणी घातलं, कुठून आलं, मला माहीत नाही, पण त्याच्यामागे ते विणता विणता कित्येक वर्षं लागले होते आणि त्यांची खात्री झाली होती की अशी संख्या जगात नाही. ही खात्री हवेतली नव्हती. त्यांनी मला समजावून सांगितलं. सदतीस घे. शेवटचा सात उचलून पुढे ठेव, त्र्याहत्तर. सदतीसची दुप्पट चौऱ्याहत्तर. एकाने चुकलं. तीनशे सोळा घे. सहा पुढे ठेव, सहाशे एकतीस. दुप्पट सहाशे बत्तीस. पुन्हा एकाने. मग त्यांचा सगळ्यांत लाडका आकडा, एक हजार बावन्न. शेवटचा दोन पुढे आणला की एकवीसशे पाच, आणि दुप्पट एकवीसशे चार. "पाह्य," ते म्हणत, "कितीही मोठा घे, जवळ येते आन् एकानं चुकते. या दुनियेत सगळं एकानंच चुकते वं." हे बोलताना ते दुःखी नसत. उलट जगाचा स्वभाव एकदाचा कळल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर असे. मला मात्र त्या समाधानाचा राग यायचा.

आज माझी नात विचारते की आजीबाई, तुझी आई एकटी का नाही गेली? बस होती, तिकिटाला पैसे होते, तुझ्या बाबांनी मनाई केली नव्हती. सगळं खरं. मीही तेव्हा हेच विचारलं होतं. आई मागाच्या मागच्या बाजूला बसली होती, तिने मान वर केली नाही. "मी एकटी गेली असती तं तुह्या बाबायचा राग पक्का झाला असता. मंग त्यायले यायले रस्ताच राह्यला नसता." एवढं बोलून ती पुन्हा धाग्यांकडे वळली. त्या वयात मला हे पटलं नाही. अजूनही पूर्ण पटतं असं नाही, पण तिने तो रस्ता इतकी वर्षं मोकळा ठेवला आणि त्याची किंमत स्वतः भरली, हे आता दिसतं.

त्या दिवशी ती सांधणी करत होती. मागावरचं कापड संपत आलं की जुन्या ताण्याचे धागे काढून टाकत नाहीत. जुन्याच्या शेवटाला नव्याचं टोक पीळ देऊन जोडतात, एकेक करून, आणि मग सगळं पुढे ओढून घेतात. हे काम बायकांचं. शेजारी वाटीत राख, बोटं राखेत बुडवायची म्हणजे पीळ घसरत नाही. मला सुट्टी होती म्हणून तिने मला जोडीला बसवलं होतं. मी नेहमीप्रमाणे नव्या धाग्यांच्या गुंत्यात टोक शोधत बसले. आई म्हणाली, "तिकडं काय शोधून राहिली? मांगचं टोक हाती धर वं. समोरचं आपोआप येते."

मी मागचं टोक हाती धरलं आणि माझा हात तसाच थांबला. बाबा आयुष्यभर ती संख्या पुढून शोधत होते. सदतीस, तीनशे सोळा, एक हजार बावन्न. अख्खी संख्या घ्यायची आणि बसते का पाहायचं. मागून कोणी सुरुवातच केली नव्हती. समजा शेवटचा अंक दोन. का दोन? दुप्पट म्हणून दोन, याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. संख्या दोनने संपत असेल तर तिची दुप्पट चारने संपणार. पण दुप्पट म्हणजे तरी काय? तीच संख्या, फक्त शेवटचा दोन उचलून पुढे नेलेला. म्हणजे दोन उठून गेल्यावर शेवटी जो उरतो तो चार असलाच पाहिजे. म्हणजे मूळ संख्येत दोनच्या अलीकडे चारच बसलेला आहे. बेचाळीस. आता चारची दुप्पट आठ, म्हणून त्याच्या अलीकडे आठ. आठशे बेचाळीस. आठची दुप्पट सोळा, सहा मांडा, हातचा एक. मला काही शोधावं लागत नव्हतं. एक अंक पुढच्याला बोलावून आणत होता. संख्या कोणीतरी आधीच विणून ठेवलेली होती आणि मी फक्त तिचं टोक ओढत होते.

मी राखेच्या हातांनी तशीच उठले. रविवार होता, मामा ओट्यावर संत्री सोलत बसला होता, बाबा थांबलेल्या मागाच्या दोऱ्या आवळत होते. "बाबा," मी म्हटलं, "तुमचा आकडा हाये." बाबा हसले. मी शाळेच्या पिशवीतून खडू काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, पहिल्याच फरशीवर, मोठा दोन काढला. त्याच्या डावीकडे, रस्त्याच्या बाजूच्या फरशीवर चार. मग आठ. एका फरशीवर एक अंक, आणि हातचा असला की कोपऱ्यात टिंब. मामा संत्र्याची साल हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात, पहिल्या दोनच्या मागे. मी काय करते आहे हे तिला कळलं होतं की नाही कोण जाणे, पण फरशांवर एकेक अंक पडताना पाहून तिच्या तोंडून तिचं मोजणं आपोआप सुरू झालं. एकं. दहं. शतं. सहस्र. मी सरकत होते आणि ती म्हणत होती. दशसहस्रावर तीन, लक्षावर सात, दशलक्षावर चार, कोटीवर नऊ. मामा मोठ्याने हसला. "आबाचं गानं हाय हे," तो म्हणाला.

शंकूवर सहा आला आणि बैठक संपली. पुढे उंबरठा. सहाची दुप्पट बारा, म्हणजे पुढचा अंक दोन. मी उंबरठ्याच्या लाकडावर दोन काढला आणि उठून उभी राहिले. जिथून निघाले तो दोन परत आला होता. शेवटचा दोन उठून पुढे येऊन बसला होता, तोही बरोबर घराच्या दारात. वर्तुळ पुरं झालं होतं. याहून स्वच्छ पुरावा काय असतो? मी आईकडे पाहिलं. ती तिथे नव्हती. आत ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

बाबा खड्ड्यातून वर आले. पूर्ण बाबा, पायांसकट. त्यांनी माझ्या हातून खडू घेतला, स्वयंपाकघराशी गेले आणि माझ्या ओळीखाली दुप्पट मांडू लागले. दोनखाली चार, चारखाली आठ, आठखाली सहा. फरशीमागून फरशी, सावकाश. खालची ओळ वरच्या ओळीसारखीच उमटत होती, फक्त एक घर मागे सरकलेली. दाराजवळच्या सहापर्यंत सगळं जमलं. सहाखाली त्यांनी दोन मांडला आणि थांबले. "बारा झाले," ते म्हणाले. "दोन मांडला. हातचा एक कुठं ठेवू?"

तो एक दुपटीच्या तोंडाशी लागणार होता, आणि माझ्या संख्येत त्याला जागा नव्हती. बाकी सगळे अंक जागच्या जागी आणि पुढे हा एक जास्तीचा. मामाच्या हातातली साल खाली पडली, ती त्याने वाकून उचलली. "एकानं चुकलं," बाबा म्हणाले, पण या वेळी त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं समाधान नव्हतं.

कारण आई दारात आली होती. तिने केस विंचरले होते आणि हातावर ते जांभळं लुगडं घेतलं होतं, जे ती घरात कधी नेसत नसे. तिने फरशीकडे पाहिलं, मग आमच्या तिघांच्या तोंडांकडे. कोणी काही सांगायची गरज नव्हती. ती वळली आणि आत गेली, आणि ट्रंकेचं झाकण हळूच, आवाज होऊ नये म्हणून धरून धरून बंद केल्याचा आवाज आला. मला तो आवाज आजही नको वाटतो. मला रडू येत होतं आणि राखेच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते.

बाबा उंबरठ्याशी उकिडवे बसले. बराच वेळ ते माझ्या दोनकडे बघत होते. मागावर धागा चुकला की ते असेच बसत. रागावत नसत, कापडाला दोष देत नसत. एका धाग्यासाठी कोणी कापड टाकत नाही. ते चुकलेल्या जागेवर बोट ठेवून पुढे काय होतं ते बघत. तसं त्यांनी दोनवर बोट ठेवलं. "शकू," ते मला म्हणाले, "हातचा राह्यला म्हनजे काम राह्यलं. हा पयला दोन नाई. हा नवा हाय." मग जरा मोठ्याने, आतल्या बाजूला, पण तिकडे न बघता, "अवं, शंकूच्या बाद काय येते?"

आतून आईचा आवाज आला, बारीक. "जलधी."

जलधीवर दोन. बाबांनी उंबरठ्यावरच्या माझ्या दोनाच्या कोपऱ्यात हातच्याचं टिंब दिलं. "दोन दुने चार, आन् हातचा एक, पाच." ते उंबरठा ओलांडून ओट्यावर गेले आणि तिथल्या पहिल्या फरशीवर पाच काढला. "मंग?"

"अंत्य."

"पाच दुने दहा. शून्य, हातचा एक. मंग?"

"मध्य," आई म्हणाली. आता ती स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"शून्य दुने शून्य, हातचा एक. एक." ओट्याच्या अगदी कडेच्या फरशीवर, जिथून पायरी खाली उतरते, तिथे त्यांनी एक काढला. "हे?"

"परार्ध," आई म्हणाली. "त्याच्या समोर आबानं शिकवलं नाई."

"एक दुने दोन," बाबा म्हणाले आणि खडूचा हात उघडून आम्हाला दाखवला. "हातात काई नाई." खरोखर काही नव्हतं. टिंब नव्हतं, बाकी नव्हती. दोन आला होता, मोकळ्या हाताने, आणि आता तो स्वयंपाकघरापाशी बसलेला पहिला दोनच होता. वर्तुळ आता पुरं झालं होतं. आबांची नावं संपली तिथेच संख्या संपली होती, ना एक घर अलीकडे ना पलीकडे. गल्लीत दुसऱ्यांचे माग चालू होते, तेवढेच ऐकू येत होते.

मग बाबांनी रस्त्याच्या बाजूने, म्हणजे संख्येच्या पुढून, ती वाचायला सुरुवात केली. एक, शून्य, पाच, दोन. आणि ते तिथेच थांबले. "हे तं माह्यं एक हजार बावन्न हाय," ते म्हणाले. "मी याच्या दारातच बसून होतो वं इतके वर्षं."

१०५२६३१५७८९४७३६८४२. नातीच्या मोबाइलवर मी ही संख्या घालून पाहिली, तर पडद्यावर तिच्या पुढच्या काही अंकांनंतर इंग्रजी अक्षर आलं आणि बाकीचे अंक गिळले गेले. म्हणून मी अजून कागदावरच मांडते. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत मुलींना दर वर्षी हिची ओळख करून दिली. शेवटचा अंक पुढे आणला की दुप्पट, हे तर झालंच. शेवटचे दोन अंक एकदम उचलून पुढे ठेवा, चौपट होते. तीन उचला, आठपट. मधोमध तोडून नऊ अंकांचे दोन तुकडे करा आणि त्यांची बेरीज करा, सगळे नऊच नऊ येतात. एकोणीसने गुणा, तर एक, मग नऊंची लांबच लांब रांग आणि शेवटी आठ. तो एकोणीसच या सगळ्याच्या मुळाशी आहे, हे मला फार उशिरा कळलं, आणि मग हेही कळलं की बाबा अर्धे बरोबर होते. सदतीसपासून वर जात राहा, लाख, कोटी, अब्ज ओलांडा, शंकू, जलधी, अंत्य ओलांडा, अशी एकही संख्या सापडत नाही. एकही नाही. परार्धाच्या घरात पाऊल टाकल्यावर ही पहिली भेटते. हे सिद्ध करता येतं, आणि मी ते फळ्यावर कितीदा तरी सिद्ध केलं आहे. पण सिद्ध केल्याने माझं आश्चर्य तसूभरही कमी झालेलं नाही. आमची गल्ली नव्हती, माग नव्हते, मावशीचं लग्न नव्हतं, तेव्हाही ती होती, अशीच, शेवटच्या दोनसकट. आणि ती सापडावी म्हणून आमच्या घरातल्या एका माणसाला मागचं टोक धरता यावं लागलं, एकाला हातचा सोडू नये हे माहीत असावं लागलं आणि एकीला अठरा नावं येत असावी लागली. याचा विचार करू लागले की मला अजूनही हात जोडावेसे वाटतात. कोणाला, ते माहीत नाही.

त्या संध्याकाळी आईने ती ओळ कोणालाच पुसू दिली नाही. आम्ही त्या ओळीवरून उड्या मारत घरात ये-जा करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कपाटातून नवं लुगडं काढलं, कागदात गुंडाळलं, आणि आम्ही मामाबरोबर काटोलच्या रस्त्याने नरखेडच्या गाडीत बसलो. बाबा खिडकीपाशी. बोललेला शब्द पाळायला निघालेल्या माणसासारखा चेहरा त्यांनी करून ठेवला होता, पण काटोल गेल्यावर ते दर फाट्याला मान काढून बाहेर बघत होते. आई जांभळ्या लुगड्यात, मांडीवर हात ठेवून, ओठ हलवत होती. मी कान जवळ नेला. ती मोजत होती. काय मोजत होती कोण जाणे.

मामाच्या घरासमोर आलो तेव्हा विहिरीवरचा पंप चालू होता. मामी धावत आली आणि बाबांना बघून जागच्या जागी थांबली. बाबांनी कागदाचा पुडा तिच्या हातात दिला. मामीने तो उघडला, काठ पाहिला, आणि आत जाऊन तेच लुगडं नेसून बाहेर आली. हे लुगडं आता कुठेही फिरणार नाही, हे सांगायची तिची ती रीत. बाबा खाली बघून हसले. मग उंबरठा आला. आई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे होती. बाबा बाजूला सरकले, मला खांद्याला धरून सरकवलं, आणि आईला म्हणाले, "तू समोर हो."

आबा आतल्या अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांवर हात धरून त्यांनी उजेडाकडे पाहिलं. "कोन आलं गा?" आई त्यांच्या पायांशी बसली आणि तिने त्यांचा हात घेऊन आपल्या तोंडावर ठेवला. आबांची बोटं तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरली, पुन्हा कपाळावर गेली. दोघंही रडत होती आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती. आम्ही उभेच होतो. मामाने बाबांसाठी खुर्ची आणली, ती बाबांनी घेतली नाही. ते बाजेच्या दुसऱ्या टोकाला, आबांच्या शेजारी, अवघडून बसले. पंप बंद झाला, आणि मग बाबा बोलले.

"आबा, तुमचं परार्ध कामी पडलं."

आबांनी आईच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवून मान वळवली. "कोनाच्या?"

"माह्या," बाबा म्हणाले.